दार उघडे, पण उंबरठा उंच

२०२५ च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजीचा, तमिळनाडूत आहे. ही बातमी येताच महाराष्ट्रात जो आनंद झाला तो सर्वस्वी योग्य होता आणि त्या आनंदात आम्हीही सामील आहोत. तथापि आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर प्रत्येकाने आपल्या मनास एक प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे. वारसा म्हटला की वारस आलाच. मग या वारशाचे वारस कोण, आणि त्यांपैकी कितीजणांस आपली ही मिळकत निदान एकवार डोळ्यांनी पाहता येते? ज्या घराच्या उताऱ्यावर आपले नाव आहे, पण ज्याच्या पायऱ्या आपल्याला चढता येत नाहीत आणि ज्याच्या दारावरचा पहारेकरी आपल्याला ओळख देत नाही, ते घर असून नसल्यासारखेच, हे आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

किल्ल्यांचा प्रश्न अवघड आहे. त्याकडे आम्ही पुढे वळू. आधी सोपा प्रश्न घेऊ, तो गावातल्या सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या संग्रहालयांचा. येथे डोंगर नाही, दरी नाही, पाऊसवाऱ्याची सबब नाही. तरीही गावातला सामान्य मनुष्य तेथे सहसा जात नाही आणि एकदा गेलेला पुन्हा जात नाही. याचे कारण लोकांस जुन्या वस्तूंची आवड नाही, असे पुष्कळ शहाणे लोक सांगतात. आम्हांस हे कारण मुळीच मान्य नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना १८६३ साली झाली, आणि त्यास लोकांनी ‘अजब बंगला’ हे नाव आपल्या आपण दिले. ज्या वस्तूत लोकांस गोडी नाही तिचे ते असे लाडके नामकरण करीत नाहीत. कुतूहल आहे, कमी आहे ती आदरातिथ्याची.

काही दिवसांपूर्वी आमच्यापैकी एकजण एका जिल्ह्याच्या ठिकाणी कामानिमित्त गेला असता तेथील संग्रहालय पाहावयास गेला होता. त्याने पाहिलेला प्रसंग असा. एक सत्तरीच्या घरातील बाई आपल्या नातवास घेऊन आल्या होत्या. दारापाशी त्यांनी सवयीने चपला काढल्या. आत गेल्यावर दगडाच्या एका मूर्तीपुढे त्या थबकल्या, हात जोडले आणि नातवास म्हणाल्या, “बघ बाळ, ही आपली महिषासुरमर्दिनी. हा रेडा, आणि हा त्यातून बाहेर निघतोय तो राक्षस.” एवढे म्हणून त्या कथा सांगू लागल्या आणि मुलगा तोंड उघडे ठेवून ऐकू लागला. इतक्यात कोपऱ्यातील पहारेकऱ्याने आवाज चढविला : “आजी, इथं बोलत उभं राहू नका, पुढं चला.” बाई ओशाळल्या. बसावयास जागा शोधू लागल्या, तर संबंध दालनात बाक म्हणून नव्हता. खुर्ची एकच होती, आणि ती पहारेकऱ्याची. मूर्तीखालच्या पट्टीवर इंग्रजीत एक ओळ होती आणि मराठीत तीन शब्द : देवीमूर्ती, बेसाल्ट, भग्न.

आम्ही त्या पहारेकऱ्यास दोष देत नाही. त्यास वरून जो हुकूम असेल तो त्याने बजावला. वस्तू फुटली तर त्याची नोकरी जाईल. पाहुणा नाराज होऊन परत गेला तर त्यास कोणी विचारणार नाही. ज्या संस्थेत वस्तूंचा हिशेब रोज घेतला जातो आणि माणसांचा कधीच घेतला जात नाही, तेथे याहून निराळे घडण्याचे कारण नाही. पण एवढे मात्र खरे की त्या दिवशी त्या दालनातील खरी मार्गदर्शक ती आजी होती आणि तिलाच गप्प बसविण्यात आले.

आमच्या पेठेतील कापडाच्या दुकानात काय घडते ते पाहा. गिऱ्हाईक ओटा चढले की ‘या, बसा’ हे शब्द निघतात, पाण्याचा तांब्या पुढे येतो, आणि खरेदी होवो न होवो, गादीवर चाळीस लुगडी उलगडून दाखविली जातात. दुकानदार हे सारे धर्मार्थ करीत नाही. आज रिकाम्या हाताने गेलेला मनुष्य उद्या लग्नाचा बस्ता बांधावयास आपल्याकडेच येईल, हा हिशेब त्याच्या अंगी मुरलेला असतो. संग्रहालयास विकावयाचे काहीच नाही; त्यास मिळवावयाचा आहे तो फक्त लोभ. तो मिळविण्याची ही साधी रीत तेथे का असू नये?

हे बोलणे नवे नाही आणि आमच्या पदरचेही नाही. लंडनचे ब्रिटिश म्यूझियम १७५९ साली उघडले तेव्हा प्रवेश विनामूल्य होता. परंतु पाहणाऱ्यास आधी लेखी अर्ज करून परवाना मिळवावा लागे, म्हणजे नावाला सर्वांस मोकळीक, वस्तुतः ज्यास अर्ज लिहिता येतो आणि वाट पाहण्यास सवड आहे त्यासच. पुढे १८५७ साली त्याच शहरात साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय निघाले. तेथे हेन्री कोल या व्यवस्थापकाने गॅसचे दिवे लावून दालने सायंकाळी उघडी ठेवण्याची प्रथा पाडली, कारण दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या मनुष्यास दिवसा येणे शक्यच नाही, हे त्याने ओळखले होते. थकून आलेल्यास चहाफराळ मिळावा म्हणून उपाहारगृहही त्याने संग्रहालयातच काढले. संग्रहालयात उपाहारगृह निघण्याचा हा पहिलाच प्रसंग. शंभर वर्षांच्या अवधीत ‘अर्ज करा’ येथपासून ‘दिवे लावले आहेत, या’ येथपर्यंत जी मजल गेली, तीत इमारतीपेक्षा वृत्तीचा बदल अधिक होता.

आणि आमच्या मुंबईचे काय? भायखळ्याच्या संग्रहालयाच्या इमारतीचा पाया १८६२ साली घातला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या गृहस्थांनी त्यासाठी खटपट केली, शहरातील व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. पुढे पैसा अपुरा पडला तेव्हा सरकारास हात द्यावा लागला, आणि १८७२ च्या मे महिन्यात ते लोकांस खुले झाले. त्याचे मूळचे नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयास हेच नाव १८९९ साली मिळाले, म्हणजे या नावापुरती मुंबई लंडनच्या पुढे सत्तावीस वर्षे होती. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, आणि २००३ ते २००८ या काळात महानगरपालिका, एक वारसासंस्था आणि एक धर्मादाय प्रतिष्ठान या तिघांनी मिळून इमारतीचा जीर्णोद्धार केला. आज तेथील पट्ट्यांवर मराठी आहे, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. जे भायखळ्यास जमले ते तालुक्याच्या गावी का जमू नये, याचे उत्तर पैशाच्या अभावात आहे तितकेच इच्छेच्या अभावात आहे.

आता वेळेचा प्रश्न. बहुतेक सरकारी संग्रहालये सकाळी दहाच्या सुमारास उघडतात आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मिटतात. नेमक्या याच वेळात दुकाने, कचेऱ्या आणि शाळा चालू असतात. बरे, आठवड्याच्या सुटीला जावे म्हटले तर महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठा सोमवारी बंद असतात आणि पुष्कळ संग्रहालयांसही सोमवारीच कुलूप. अजिंठा सोमवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. वेरूळ तेवढे मंगळवारी. सोमवारी गल्ल्यास कुलूप लावून मुलाबाळांस घेऊन निघणाऱ्या दुकानदाराने काय पाहावे? संग्रहालयाच्या नोकरांसही सुटी हवी, याविषयी वाद नाही. परंतु कोणत्या गावी बाजार कोणत्या दिवशी बंद असतो एवढे पाहून संग्रहालयाच्या सुटीचा वार ठरविणे, आणि आठवड्यातून निदान एक दिवस रात्री आठपर्यंत दार उघडे ठेवणे, यास कोणता मोठा खर्च लागतो? हेन्री कोलच्या वेळी गॅस जाळावा लागे. आता विजेचे बटण दाबावयाचे आहे.

तिकिटाच्या दराविषयी मात्र लोक करतात तितका बोभाटा आम्ही करणार नाही. पुरातत्त्व खात्याने २०१८ साली जागतिक वारशाच्या स्थळांसाठी देशी मनुष्यास ४० रुपये व परदेशी मनुष्यास ६०० रुपये असा दर ठरविला आणि पंधरा वर्षांखालील मुलांस मोफत सोडले. चाळीस रुपयांपायी अजिंठा राहिला, असे म्हणणारा मनुष्य आम्हांस भेटलेला नाही. त्याच वेळी रोख न देता तिकीट घेणाऱ्यास पाच रुपयांची सूट देण्यात आली. आमच्या मते तिने तरुणांची सोय झाली. पण ज्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती तसला फोन नाही त्याने खिडकीवर जाताना आपण काहीतरी गुन्हा करीत आहोत असे मानावे, अशी वागणूक काही ठिकाणी मिळते, ती बंद झाली पाहिजे. रोख पैसे हे अजून या देशाचे चलन आहे.

याहून मोठा अडसर भाषेचा. मराठी पट्टी नाही ही तक्रार तर आहेच, पण जेथे मराठी पट्टी आहे तेथील मराठी वाचून मराठी मनुष्यास काही कळेल तर शपथ! ‘शिल्पपट्ट’, ‘अधिष्ठान’, ‘उत्तर-मध्ययुगीन’ या शब्दांनी विद्वानाचे समाधान होते. परंतु विद्वानास पट्टीची गरज नसते. कोल्हापूरचे उदाहरण घ्या. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक छोटी काशाची मूर्ती सापडली, आणि ती तेथील टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. आता या मूर्तीविषयी ‘कांस्य, इसवी सनाचे आरंभीचे शतक’ असे सांगता येते. आणि ‘दोन हजार वर्षांपूर्वी या पंचगंगेकाठच्या बाजारपेठेचा माल कोकणातल्या बंदरांतून समुद्रापार जात होता आणि समुद्रापारचा माल घाट चढून येथे येत होता, त्या व्यवहाराची ही खूण’ असेही सांगता येते. पहिले वाचून गुळाचा अडत्या पुढे सरकेल. दुसरे वाचून तो थांबेल, आणि घरी जाऊन मुलास सांगेल. मजकूर दोन ओळींनी वाढला, पण मूर्ती गावाची झाली.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक रेंगाळतात त्याचे रहस्यही हेच असावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे हा संसार मांडला. संसार हाच शब्द तेथे शोभतो. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, भातुकली, वाद्ये. तेथे आलेल्या बाईस पट्टी वाचावी लागत नाही. ‘अगंबाई, असा अडकित्ता आमच्या आत्याकडे होता’ हे वाक्य त्या दालनांत ऐकू येते, आणि कोणत्याही छापील मार्गदर्शिकेपेक्षा ते अधिक मोलाचे आहे. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात, आणि जागेअभावी मांडलेल्या वस्तू त्याच्या अष्टमांशाच्या आसपास. जुन्या पद्धतीच्या त्या वास्तूत मजले चढावयाचे म्हणजे जिने आलेच. ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यासाठी वरचा मजला म्हणजे रायगडच.

गुडघ्यांवरून आम्ही आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या देशात २ कोटी ६८ लक्ष माणसे अपंग आहेत. ज्यांची नोंद अपंग म्हणून होत नाही पण ज्यांस पन्नास पायऱ्या चढवत नाहीत अशी म्हातारी माणसे, गरोदर बाया, कडेवर मूल घेतलेल्या आया, हृदयविकारातून उठलेली माणसे यांची गणती निराळीच. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये निघाले. सर्व जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांच्या आत अशा माणसांस वापरता येतील अशा कराव्यात, असे त्या कायद्यात आहे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये सरली. वाण्याच्या उधारीची मुदत सरली तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. या मुदतीसाठी कोण कोणाच्या दारात उभा राहिला? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निर्णय देऊन सरकारचा एक नियम या कारणासाठी रद्द ठरविला की त्याने सोयींच्या मानकांस केवळ शिफारशीचे रूप दिले होते. आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरविण्याची आज्ञा केली. न्यायालयाने सांगितले ते साध्या शब्दांत असे की, हक्क हा हक्क असतो, ‘जमल्यास करावे’ अशी सूचना नव्हे.

यावर जुन्या वास्तूंचे कैवारी एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, संरक्षित वास्तूस खिळा मारावयाचा नाही, असा कायदा आहे. मग तेथे उतरणी आणि उचलयंत्रे कशी बसवावयाची? १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याविषयी आम्हांसही आदर आहे, आणि सोयीच्या नावाखाली जुन्या दगडावर सिमेंट ओतणारांस आम्ही वारशाचे शत्रू समजतो. परंतु खिळा न मारता, दगडास न चिकटवता, नुसती टेकवून ठेवावयाची लाकडी उतरण कोणताही गावचा सुतार करून देईल, आणि ती उद्या उचलून नेली तरी मागे ओरखडाही राहणार नाही. चाकांची खुर्ची दारात ठेवण्यास तर कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही. फक्त ती कुलूपबंद खोलीत प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलेली नसावी आणि किल्लीवाला जेवावयास गेलेला नसावा.

आंधळ्यांची गोष्ट याहून हृदयद्रावक. संग्रहालयात शिरताच पहिली पाटी दिसते ती ‘हात लावू नका’ अशी. ज्याचे डोळे त्याच्या बोटांत आहेत त्यास ही पाटी काय सांगते याचा विचार करावा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ‘अनुभव’ या नावाचे एक दालन काढून त्यात निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहण्यासाठी मांडल्या, सोबत ब्रेल लिपीतील माहिती ठेवली. आमच्या पेणच्या मूर्तिकारांच्या हातांस अशा प्रतिकृती करणे काय अवघड आहे? आणि अशा प्रतिकृती केवळ आंधळ्यांच्याच उपयोगी पडतात असे नाही. कोणत्याही सात वर्षांच्या मुलास विचारून पाहा, त्यास पाहणे अधिक आवडते की चाचपणे.

अजिंठ्याविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. तेथे चालवत नसलेल्यांस डोलीत बसवून चार माणसे खांद्यावरून वर नेतात. घारापुरीच्या शंभरांवर पायऱ्यांसाठीही हीच सोय आहे. खांदेकऱ्यांचा तो चरितार्थ आहे आणि ते जिवापाड सांभाळून नेतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्यांचे दर ठरलेले असावेत, फलकावर मराठीत लिहिलेले असावेत, आणि घासाघीस करण्याची पाळी म्हाताऱ्या माणसावर भर उन्हात येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. परंतु ज्यांस डोलीही नको त्यांच्यासाठी एक फार चांगली योजना होऊन गेली होती. जपानच्या कर्जसाहाय्यातून लेण्यांच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण केंद्र बांधण्यात आले, त्यात चार प्रमुख लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या, आणि २०१३ साली ते लोकांस खुले झाले. प्रकाशाने व श्वासाने मूळची चित्रे झिजतात म्हणून गर्दी कमी करावी, आणि ज्यास चढवत नाही त्यासही पद्मपाणी पाहता यावा, असा दुहेरी हेतू त्यात साधत होता. पुढे काही वर्षांतच वीज आणि पाणी यांची बिले थकल्यापायी ते केंद्र बंद पडले. इमारत बांधण्यास कोट्यवधी मिळतात आणि दिवा लावण्यास मिळत नाहीत, हा आमच्या सार्वजनिक कारभाराचा जुना रोग आहे. कोनशिलेस हार घालावयास सगळे येतात, नळाची गळती पाहावयास कोणी येत नाही.

आता किल्ले. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. तो झाल्याने गडाचे पावित्र्य गेले, गड हा पायांनीच चढावा, असे म्हणणारे अजूनही भेटतात. ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्या मुखी हे वीरवचन शोभतेही. पण दीड हजारांवर पायऱ्या जेथल्या तेथे आहेत. ज्यास घाम गाळावयाचा त्यास कोणी अडविलेले नाही. पाळण्यात बसून वर आलेली ऐंशी वर्षांची शेतकरीण शिवछत्रपतींच्या समाधीपुढे डोके टेकते, तेव्हा गडाचे पावित्र्य कमी होते की वाढते, हे ज्याचे त्याने ठरवावे. तथापि प्रत्येक गडावर पाळणा न्यावा असे आमचे मत मुळीच नाही. साल्हेरसारखा उत्तुंग गड जसा आहे तसाच राहावा. तेथे सोय हवी ती पायथ्याशी : गडाचा मोठा उठावाचा नमुना, बसावयास सावली, प्यावयास पाणी, आणि गावच्या जाणत्या मुलांस शिकवून तयार केलेले वाटाडे.

आणि एक गोष्ट, जी संपादकीय स्तंभात लिहिण्याचा संकोच आजवर पुष्कळांनी केला, पण आम्ही करणार नाही. स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप. पुष्कळ गडांच्या वाटेवर ते नाही, आणि जेथे आहे तेथे दार नाही किंवा पाणी नाही. घरातून निघताना पाणी न पिता निघावयाचे, दिवसभर उन्हात हिंडावयाचे आणि सायंकाळी डोके धरून परतावयाचे, हा आमच्या लेकीसुनांचा किल्ले पाहण्याचा अनुभव आहे. शाळेच्या सहलीत वरच्या वर्गातील मुली घरीच का राहतात याची चौकशी एखाद्या मास्तरीणबाईंकडे करावी. यापुढे तोफा, बुरूज आणि पुतळे यांवर खर्च करण्याआधी प्रत्येक गडाच्या पायथ्याशी ही एक सोय झाली, तरी गडाकडे वळणाऱ्या पावलांत मोठी भर पडेल.

कागदावरची मोकळीक आणि प्रत्यक्षातली मोकळीक यांत किती अंतर असू शकते, हे महाराष्ट्रास शिकविण्याची गरज नाही. रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात, महाड येथे, १९२७ साली जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तो पुढे मान्य केला होता. तरी चवदार तळ्याची ओंजळ भरण्यासाठी डॉ. आंबेडकरांस हजारो माणसांसह चालत जावे लागले, आणि तेवढ्यासाठी त्यांच्या लोकांनी मार खाल्ला. जातीच्या त्या घोर अन्यायाची बरोबरी आम्ही पायऱ्यांशी आणि पट्ट्यांशी करीत नाही. तसे करणे उथळपणाचे होईल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे ऐकविले गेले, त्या घरातील मुलगा संग्रहालयाच्या संगमरवरी दारात पाऊल ठेवण्यापूर्वी क्षणभर का थांबतो, हे त्या इतिहासावाचून समजत नाही. त्याच्यासाठी नुसते दार उघडे असून भागत नाही. कोणीतरी आतून ‘ये’ म्हणावे लागते.

जे दारापर्यंत येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे संग्रहालयाने जावे, याचाही कित्ता जुना आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी आपल्या राजधानीत संग्रहालयाची टोलेजंग इमारत १८९४ साली पुरी केली, आणि १९१० नंतर बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास आणून ग्रंथालये काढली तेव्हा पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठविण्याची व्यवस्था केली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून एक मोठी मोटार सजवून शाळांच्या दारी पाठवीत आहे, ते त्याच वाटेवरचे पाऊल आहे. एवढी मोटार प्रत्येक जिल्ह्यास परवडणार नाही, हे उघड आहे. पण जुनी नाणी, खापरे, मोडी लिपीतील एखाद्या पत्राची नक्कल आणि दोन-चार प्रतिकृती यांची एक पेटी एस.टी.च्या टपावरूनही जाते.

प्रेक्षक बेशिस्त असतात, भिंतींवर नावे कोरतात, पान खाऊन थुंकतात, असे अधिकारीवर्ग म्हणेल. ते खरे आहे, आणि अशांस जबर दंड व्हावा या मताचे आम्ही आहोत. मात्र चोरांच्या भीतीने दुकानदार गिऱ्हाइकास दाराबाहेर उभे करीत नाही. तो गल्ल्यापाशी विश्वासाचा मनुष्य बसवितो आणि बाकीच्यांस ‘या’ म्हणतो. ज्या आजीने चपला बाहेर काढल्या तिला भिंतीवर नाव कोरणाऱ्या टोळभैरवाच्या रांगेत उभे करणे हा न्याय नव्हे.

सरकारने काय करावे ते कायद्यात लिहिलेले आहे. नगरपालिका आणि व्यापारी संघ यांस मात्र आमचे एक निराळे सांगणे आहे. ज्या संग्रहालयातील प्रसंग आम्ही वर वर्णिला तेथे चार लाकडी बाक, एक पाण्याचा माठ व तो रोज भरणारा मनुष्य, पंचवीस प्रमुख वस्तूंसाठी समजेल अशा मराठीतील मोठ्या अक्षरांच्या पाट्या, आणि दारातील तीन पायऱ्यांवर टेकविण्याची एक उतरण, एवढे व्हावे. एका मध्यम लग्नातील मांडवाच्या खर्चाहून हा खर्च अधिक होणार नाही. पाट्यांचा मजकूर लिहून देण्याचे काम गावातील शिक्षकांनी पत्करावे. तो छापून देण्याचे आम्ही पत्करतो. एका बाकाचे पैसे आमच्या कचेरीत जमा झाले आहेत. उरलेल्या तिन्हींसाठी ज्यांस वर्गणी द्यावयाची असेल त्यांनी दुपारी बारा ते सायंकाळी सात या वेळात आमच्या व्यवस्थापकांकडे नाव नोंदवावे. सोमवारीही कचेरी उघडी असते.